कोपरा ओला करून दाखवणारा माणूस

माझं आजोळ रेवदंडा. हे मला चित्र विकणाऱ्या माणसाला मीच सांगितलं, ते आधी कबूल करतो.

रविवारी जुन्या बाजारात अडकित्ते बघताना गप्पा सुरू झाल्या. आजचं रेवदंडा म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी वसवलेलं चौल, १७४० साली ते मराठ्यांकडे आलं, तटाच्या आतलं शहर उठलं आणि तिथं नारळी-पोफळीच्या वाड्या झाल्या. मी बोलतोय, तो नुसता हुंकार देतोय. जाताना म्हणाला, "काका, नंबर देऊन ठेवा."

अकराव्या दिवशी फोन. चौलचं जलरंगातलं चित्र आलंय, साहेबाच्या हातचं, १७९० च्या आसपासचं!

पिवळट कागद, तपकिरी डाग, खाडी, तट आणि मूळच्या सात मजल्यांमुळे सातखणी म्हणतात तो मनोरा. मला भरूनच आलं. त्यानं कापसाचा बोळा ओला करून खालच्या कोपऱ्यावर फिरवला. निळा रंग उतरला. "छापील असतं तर उतरला असता का?" बावीस हजारांवरून अठरावर आणलं, म्हणून वर मीच खूश.

घरी भाचीनं बघितलं. "मामा, हा तर आपल्या दिवाळीच्या फोटोतला मनोरा." मनोऱ्याचे आज चारच मजले उरलेत. चित्रातही चारच, तीच भेग, भेगेतलं तेच रोपटं. भिंग लावलं तर मनोराभर प्रिंटरचे बारीक ठिपके. खऱ्या कुंचल्याचे फटकारे फक्त आभाळात आणि त्या कोपऱ्यात. मनोऱ्यावर ओला बोळा फिरवला, पांढराच राहिला. डागांना चहाचा वास. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळसर उजळला. तसा उजळणारा कागद विसाव्या शतकाच्या मध्याआधी नव्हताच.

जुन्या चित्रांची डागडुजी करणारे एक ओळखीचे म्हणाले, "अहो, खरं असतं तर त्यानं पाणी जवळसुद्धा येऊ दिलं नसतं." शंभर वर्षांवरच्या वस्तू विकायला १९७२ च्या कायद्यानं परवाना लागतो, हेही तेव्हाच कळलं. मी मागितलाच नव्हता.

पैसे गेले भलत्याच नावाच्या खात्यात. पावतीवर लिहिलंय, 'जुन्या पद्धतीचे चित्र, १ नग'. चौकीतल्या हवालदारांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं. त्याचा फोन तेव्हापासून बंद.

बंद म्हणजे तो नंबर. परवा आमच्या सोसायटीतल्या एकांना नव्या नंबरवरून असाच फोन आला. त्यांचं गाव दाभोळ. चित्रही दाभोळचंच.