अरुंद मार्गिका: डावी कडा की दुभाजकाची बाजू?
मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्ता आवळला गेल्यापासून, नव्याने गाडी चालवू लागलेल्या आमच्या शेजाऱ्यांना कोणती मार्गिका धरावी हा प्रश्न पडला आहे. प्रमाण मार्गिका 3.5 मीटरची असते. ती 3 मीटरवर आली की 2.6 मीटर रुंदीच्या बसच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 20 सेंटिमीटर उरतात.

चालक उजवीकडे बसत असल्याने दुभाजकापासूनचे अंतर त्याला नेमके कळते, मात्र मागच्यांची घाई सोसावी लागते. डावीकडे वेग कमी असला, तरी रिक्षा, दुचाकी आणि न दिसणारी कडा हे तिन्ही सांभाळावे लागते. (आरसे मिटून घेणे हा उपाय नव्हे.)

लवकरच डावीकडे वळणाऱ्याने किंवा सावकाश जाणाऱ्याने डावी मार्गिका धरावी. वाहतुकीच्या वेगाशी जुळवून सरळ पुढे जाणाऱ्याला दुभाजकाची बाजू सोयीची.