गर्भपाताच्या गोळ्यांचा कॉम्बी-पॅक: औषध चोख, माहिती तोकडी

पाकिटात पाच गोळ्या: मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅमची एक, मिसोप्रोस्टॉल 200 मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली पाण्यासोबत गिळायची. 24 ते 48 तासांनी चारही गालात अर्धा तास धरायच्या, उरलेला चुरा गिळायचा. नऊ आठवड्यांपर्यंत परिणाम उत्तम. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असेल तर मात्र उपयोग शून्य, म्हणून आधी डॉक्टर. कळा येणारच, आयबुप्रोफेन घरात हवी. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर थेट रुग्णालय गाठा. माहितीपत्रक बहुधा बारीक इंग्रजीत, हा मोठा दोष. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही मात्र लागत नाही. ती मागणारा दवाखाना सरळ बदलावा.