मॅरेथॉन ते अथेन्स : स्पिरिडॉन लुईसच्या वाटेवरची सहल

१८९६ साली आधुनिक ऑलिंपिकमधील पहिली मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुईस ज्या रस्त्याने धावला, त्या रस्त्याने मॅरेथॉन गावापासून अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमपर्यंत नेणारी अर्ध्या दिवसाची सहल आम्ही नुकतीच केली. आठ जणांची गाडी आणि इंग्रजी बोलणारा स्थानिक मार्गदर्शक असा बेत होता. धावण्याची आवड असणाऱ्याने ही सहल जरूर करावी, असे मी मनापासून सांगेन. तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे.

सहलीचे खरे मोल रस्त्यात आहे. सुमारे ४० किलोमीटरची ती शर्यत कागदावर सपाट वाटते. प्रत्यक्षात वाटेतल्या पिकेर्मी गावाच्या पुढेही कितीतरी वेळ चढ संपत नाही. मार्गदर्शकाने तिथे आम्हाला गाडीतून उतरवून अर्धा किलोमीटर चालायला लावले, आणि आघाडीवर असलेल्या फ्रान्सच्या लेरम्युझिओने बत्तीसाव्या किलोमीटरच्या आसपास शर्यत का सोडली असेल, हे पोटऱ्यांनीच सांगितले. त्याच आठवड्यात ८०० आणि १५०० मीटर जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा फ्लॅकही पुढे कोसळला. पिकेर्मीला लुईस पेलाभर वाइन प्यायला आणि पुढच्या सर्वांना गाठेन म्हणाला, ही आख्यायिका मार्गदर्शकाने आख्यायिका म्हणूनच सांगितली, हे मला फार आवडले.

शेवटचा थांबा स्टेडियमचा. धावपट्टीची वळणे इतकी अरुंद आहेत की साधे जॉगिंग करतानाही पाय आपोआप आखडतात. २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांनी लुईस इथे पोहोचला, तेव्हा दोन ग्रीक राजपुत्र त्याच्याबरोबर अंतिम रेषेपर्यंत धावले होते. निवड चाचणीत जेमतेम पाचवा आलेला हा माणूस! त्या वळणावर उभे राहून हे ऐकताना माझा गळा दाटून आला.

आणि नेमके इथेच सहल संपवली गेली. लुईस त्या दिवशी २३ वर्षांचा होता. पुढे तो ४४ वर्षे जगला, पण एकाही शर्यतीत उतरला नाही. वडिलांबरोबर अथेन्सजवळच्या मारूसी या आपल्या गावाहून अथेन्सला पाणी वाहून नेणाऱ्या या तरुणाने राजाकडे बक्षीस म्हणून पाण्याची गाडी मागितली, असे सांगतात. नंतर त्याने शेती केली, पोलिसात नोकरी केली, आणि १९२६ मध्ये लष्करी कागदपत्रांत फेरफार केल्याच्या आरोपावरून वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर तो निर्दोष सुटला. मी विचारले तेव्हा मार्गदर्शकाने हे सारे व्यवस्थित सांगितले. म्हणजे त्याला माहीत होते, फक्त कार्यक्रमात त्याला जागा नव्हती. एवढे पैसे घेऊन माणसाच्या आयुष्यातले तीनच तास दाखवावेत, हे मला पटत नाही. मारूसीचा एक थांबा सहज बसला असता.

तो थांबा आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः केला. मेट्रोने मारूसीतल्या इरिनी स्थानकावर उतरले की २००४ च्या ऑलिंपिकचे लुईसच्या नावाचे स्टेडियम समोरच आहे. मॅरेथॉन शर्यतीची कल्पना मांडणारे फ्रेंच भाषातज्ज्ञ मिशेल ब्रेआल यांनी विजेत्यासाठी दिलेला चांदीचा चषक अथेन्सच्या स्ताव्रोस नियार्कोस सांस्कृतिक केंद्रात आहे. तो जेमतेम वीतभर उंच असून त्यावर मॅरेथॉनच्या पाणथळीतले पक्षी आणि वनस्पती कोरलेल्या आहेत. सहल घेणाऱ्यांनी हा दुसरा दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे.