डब्ल्यूएलईडीच्या दिव्यांची नावं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांडणी अशी: ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डांवर डब्ल्यूएलईडी (एलईडी पट्ट्या चालवणारं सॉफ्टवेअर) चढवलेल्या चार पट्ट्या (हॉल, ओटा, देवघर, गॅलरी), ईएसपीहोमवरचे (अशाच बोर्डांसाठीचं दुसरं सॉफ्टवेअर) दोन रिले म्हणजे बोर्डाने चालणारे स्विच, वर हे सगळं एकत्र चालवणारं होम असिस्टंट आणि तोंडी हुकमापुरती अलेक्सा. आठ महिन्यांत दिव्यांनी फारसं छळलं नाही, नावांनी मात्र छळलं.

गोंधळाचं मूळ हे की एका पट्टीला चार नावं असतात. डब्ल्यूएलईडीच्या सेटिंगमध्ये वायफाय सेटअपमधला एमडीएनएस पत्ता (घरच्या नेटवर्कवर बोर्ड ज्या नावाने सापडतो तो), यूजर इंटरफेसमधलं सर्व्हर डिस्क्रिप्शन, सिंक इंटरफेसमधलं अलेक्साचं नाव आणि एमक्यूटीटीचा (उपकरणांमध्ये संदेश पोचवणाऱ्या पद्धतीचा) टॉपिक, म्हणजे संदेशाचा पत्ता. एक बदललं म्हणून बाकीची बदलत नाहीत. पहिली पट्टी लावताना सगळंच 'डब्ल्यूएलईडी' ठेवलं तरी चालून जातं. दुसरी आली की होम असिस्टंटमध्ये एकसारख्या नावांच्या दोन ओळी दिसतात आणि कोणती कुठली ते दिवा लावून बघावं लागतं.

सगळ्यात वाईट चूक: एका बोर्डाच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्यावर रिस्टोअर करणं. वेळ वाचतो खरा, पण त्या फाइलमध्ये एमडीएनएस नाव, टॉपिक आणि एमक्यूटीटीचा क्लायंट आयडीसुद्धा असतो. एकाच आयडीने दोघे जोडले गेले की ब्रोकर (हे संदेश वाटणारा सर्व्हर) नव्याला घेतो आणि जुन्याला बाहेर काढतो, जुना पुन्हा जोडतो, नवा बाहेर. दर काही सेकंदांनी दिवा 'अनुपलब्ध' दिसू लागला तर वायफायला दोष देण्याआधी हे तपासा. स्थिर आयपी दिला असेल तर तोही सोबत येतो.

ईएसपीहोममध्ये नावात लहान रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवावं, अंडरस्कोर टाळा. नाव बदलून अपलोड केलं की ईएसपीहोम नव्या नावाच्या पत्त्यावर बोर्ड शोधतो, बोर्ड मात्र अजून जुन्याच नावाने बसलेला. कॉन्फिगरेशनमधल्या वायफायखाली 'यूज ॲड्रेस'मध्ये जुना पत्ता द्या, अपलोड होऊ द्या, मग ती ओळ काढा. दिसणारं नाव 'फ्रेंडली नेम'मध्ये ठेवा, ते हवं तेव्हा बदलता येतं.

होम असिस्टंटमध्ये दिसणारं नाव मराठीत ठेवायला हरकत नाही, पडद्यावर छानच दिसतं. पण एंटिटी आयडी (ऑटोमेशन दिव्याला ज्या नावाने ओळखतं ते) त्याच नावावरून बनू दिला तर देवनागरीचं विचित्र रोमन रूप तयार होतं. म्हणून आधी रोमन नाव देऊन जोडा, आयडी बनू द्या, मग मराठी नाव चढवा. नंतर आयडीला हात लावू नका. ऑटोमेशन जुन्याच आयडीला हाक मारत राहतं आणि दिवा गप्प.

अलेक्साच्या बाबतीत 'ओटा' हे नाव कुचकामी, फारच तोकडं आणि 'ऑटो'च्या जवळचं. 'किचन पट्टी' चांगलं चाललं, 'देवघर'ही. ग्रुपचं नाव 'हॉल' आणि दिव्याचंही 'हॉल' असेल तर ती कोणता म्हणून विचारत बसते. नाव बदलल्यावर बोर्ड रीबूट करा, अलेक्साच्या ॲपमधलं जुनं उपकरण काढा आणि मगच नव्याने शोधायला सांगा. प्रीसेटही (डब्ल्यूएलईडीत जतन केलेल्या रंग-प्रकाशाच्या मांडण्या) वेगळी उपकरणं म्हणून दाखवता येतात, नऊपर्यंत. ती नावं दिव्याच्या नावांशी जुळू देऊ नका.

यंत्राचं नाव जागेवरून ठेवावं, रंगावरून किंवा प्रसंगावरून नव्हे. 'दिवाळी-पट्टी' शिमग्यालाही तिथेच असते. आणि बोर्डाच्या पाठीला मॅक पत्त्याची (प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) शेवटची सहा अक्षरं लिहिलेली चिकटपट्टी लावा, माळ्यावर चढण्याआधी.