पिंक नाही, गुलाबी, राणी की डाळिंबी?

पुतणीच्या लग्नातल्या आहेराच्या साड्या घ्यायला दारव्ह्याला गेले होते. बाजारातलं जुनं दुकान, गादीवर बसून साड्या पाहायच्या. मी म्हटलं, पिंक दाखवा. गादीवरचे काका म्हणाले, "कोन्ता वो बाई? गुलाबी, राणी का डाळिंबी?" आणि तिन्ही पदर माझ्या मांडीवर अंथरले. खरंच तीन निराळे रंग!

राणीला माझी लेक मजेंटा म्हणते. मी निवृत्त मास्तरीण, गप्प कशी बसणार? मजेंटा हे इटलीतलं गाव. १८५९ मध्ये तिथं लढाई झाली, त्याच सुमारास निघालेल्या रासायनिक रंगाला तिचं नाव चिकटलं. किरमिजी तर किड्यावरून आला, अरबी किर्मिझ. किडा म्हटल्यावर लेकीनं ती साडी बाजूला सारली. आपल्या लोकांचं बरं आहे, झाडावरून, पाखरावरून उचललं की झालं: जांभळा, पोपटी, मोरपंखी, आमसुली. काकांनी केशरी साडी उलगडली तेव्हा म्हणाले, "हा पयस पाहा." पयस म्हणजे पळस. फाल्गुनातलं रान डोळ्यांसमोर आलं. ती साडी मी स्वतःसाठीच घेतली.

आता तक्रार. घेतलेल्या जांभळ्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीभर सुटला, जावेचा पांढरा परकर गेला. परत न्यायला गेले तर "मिठाच्या पाण्यात भिजवाले पायजे होती" म्हणून चहा पाजला, पैसे काही दिले नाहीत. भाव ठीक, घासाघीस चालते. रंग पाहायचा तर साडी दाराशी उन्हात न्या, आतला ट्यूबलाइट फसवतो. पळसावाली मात्र तीनदा धुतली, तशीच आहे.