गोणीतले पिस्टन

वडिलांची १९७८ची पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, निळा धूर मारायला लागली, हजार किलोमीटरला दोन लिटर ऑइल खाऊ लागली. पिस्टनभोवती ऑइल अडवणाऱ्या रिंगा गेल्या होत्या, त्यात वाद नव्हता. गॅरेजवाल्यानं यादी सांगितली: बोरिंग, म्हणजे झिजलेले सिलेंडर आतून कापून थोडे मोठे करणं, त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, क्रँक घासून नवे बेरिंग. ६२ हजार. मी मान हलवली.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. इंजिनला चंदेरी रंग, धूर गायब, आवाज मऊ. वर त्यानं जुन्या पार्ट्सची गोणी डिकीत ठेवली. "साहेब, तुमचा माल तुम्हाला परत." चार काळेकुट्ट पिस्टन बघून मी तर भारावलोच. त्यातला एक घासूनपुसून टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून.

साडेसहाशे किलोमीटर झाले आणि साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर आरशात पुन्हा निळा ढग. "रिंगा बसायला वेळ लागतो," गॅरेजवाला म्हणाला. नव्या रिंगांना थोडं रनिंग लागतं हे खरंच, म्हणून तर मी गप्प बसलो.

मग एकदा लेथवाला मित्र चहाला आला. पिस्टन हातात घेऊन म्हणाला, "हा फियाटचा कुठला?" मापायचा व्हर्नियर लावला: ७३ मिलिमीटरला किंचित कमी. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनचा बोर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ६८. टेबलावर बसला होता तो अँबॅसिडरचा!

इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. सिलेंडरच्या वरच्या काठाला झिजेची कड तशीच होती, नख अडकत होतं. बोरिंग झालं असतं तर ती उरलीच नसती. बोरिंगनंतर दगडानं घासतात त्या होनिंगच्या तिरक्या रेघाही कुठे नव्हत्या, भिंती काचेसारख्या गुळगुळीत. पिस्टनवर स्टँडर्ड मापाचा छाप, ओव्हरसाइजचा नाही. ऑइल काकवीसारखं दाट, ऍडिटिव्ह ओतलेलं. इंजिन तापून ते पातळ होईपर्यंत धूर दबून राहायचा, एवढंच. बाकी हेडचं पॅकिंग नवं आणि रंग.

इंजिन देण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजून लिहून ठेवा. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोर, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह. हेड उघडल्यावर पिस्टनवर आपल्या हातानं डॉट पंच मारून ठिपक्याची खूण करा. ब्लॉक बोरिंगला चढेल त्या दिवशी स्वतः जा. मी गेलो नाही, कच्च्या चिठ्ठीवर पैसे मोजले.

पिस्टन घेऊन गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा तो बिनधास्त म्हणाला, "पोरांनी गोणी बदलली असेल. तुमचे पिस्टन तर भंगारात गेले, साहेब."

ते माझ्याच इंजिनात होते. फोटो दाखवला, तर चष्मा नाही म्हणाला.