ओव्हनचं दार लॉक होऊन बसलंय: लॉक बदलावं की ओव्हन?

सेल्फ-क्लीन (दार लॉक करून, प्रचंड तापून ओव्हननं स्वतःच साफ होणं) संपून दोन-चार तास उलटले, ओव्हन गार पडला, तरी दार उघडत नाही आणि पॅनेलवर 'एफ'नं सुरू होणारा कोड लुकलुकतोय. अमेरिकेतल्या आपल्या घरांत हे बहुधा दिवाळीच्या किंवा पाहुण्यांच्या तोंडावर होतं, कारण सेल्फ-क्लीनची आठवण तेव्हाच येते. (एरवी निम्म्या घरांत ओव्हन म्हणजे कढया-तवे ठेवायचं कपाट.) मी आमच्या वॉल ओव्हनचं लॉक बदललं, त्याच सुमारास एका मित्रानं सरळ नवा ओव्हन घेतला. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत, म्हणून लिहितोय.

ब्रेकर बंद करून पाच-दहा मिनिटांनी चालू करणं तुमचं झालं असेलच. त्यापुढे कानांना बरंच कळतं. लॉकची छोटी मोटर कॅम (एक बिनगोल चकती) फिरवते, कॅम दांडा ओढतो, आणि दार लागलं की सुटलं हे मायक्रोस्विच कंट्रोल बोर्डाला सांगतात. मोटर थांबतच नसेल तर माझा संशय स्विचवर. नुसती घरघरत असेल आणि दार पकडणारा आकडा (हूक) हलत नसेल तर ग्रीस सुकलंय, दांडा वाकलाय किंवा दार बिजागऱ्यांवर खाली आलंय. अगदी गप्प असेल तर मोटर तरी गेली किंवा बोर्डावरचा, मोटरला वीज सोडणारा रिले. तिथे मल्टीमीटर हवा. मोटरचं वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) ओपन, म्हणजे तुटलेलं, दाखवत असेल तर बोर्डावर उगाच पैसे घालू नका. बोर्ड पॅनेल उघडून समोरूनच निघतो, लॉकसाठी मात्र बऱ्याच मॉडेलांत अख्खा ओव्हन भिंतीतून ओढावा लागतो. त्यामुळे काही टेक्निशियन आधी बोर्डाचंच नाव घेतात, असं आपलं माझं मत. (पॅनेलच पूर्ण काळं पडलं असेल तर दुखणं वेगळं: बहुधा जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटऑफ उडालाय.)

आता नव्याची बाजू. मित्राचा ओव्हन देखणा आहे, वॉरंटी आहे, कन्व्हेक्शन (पंख्यानं गरम हवा फिरवणं) आमच्यापेक्षा उजवं आहे. त्यात स्टीम-क्लीन आहे: तळात कपभर पाणी, कमी आच, अर्ध्या-पाऊण तासात काम. ताजे डाग निघतात. करपून बसलेलं तूप निघत नाही, तिथे हातच चालवावा लागतो. उलट १९६३मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं आणलेल्या जुन्या सेल्फ-क्लीन पद्धतीत आतलं तापमान ४८० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि सगळ्याची राख होते. पण तीच उष्णता लॉकच्या मोटरला आणि स्विचना सोसावी लागते, आणि वॉल ओव्हन कपाटात कोंडलेला असल्यामुळे ती बाहेर पडायला वाटही कमीच.

इथवर नव्याचं पारडं जड वाटेल. मला अडवलं ते भिंतीतल्या खाचेनं, म्हणजे कटआउटनं. लेबलवर '३० इंची' लिहिलेलं असतं ते नावापुरतं. रुंदी साधारण जमते. उंची आणि खोली कंपनीगणिक बदलते. मित्राचा नवा ओव्हन जुन्यापेक्षा बुटका निघाला. वर दोन बोटं फट राहिली. तिथे लावायला पट्टी हवी, आणि कपाटांचा तो रंग मिळणं केव्हाच बंद झालंय. शेवटी वेगळ्या छटेची पट्टी बसली, आणि स्वयंपाकघरात शिरलं की आधी तीच दिसते. उंच निघाला असता तर सुतार बोलावून कपाट कापावं लागलं असतं. जुना ओव्हन २७ इंची असेल तर निवडीला मॉडेलंही कमी. दुकानात यातलं कुणी आपणहून सांगत नाही, आणि मला खरं सांगायचं तर ओव्हनच्या किमतीपेक्षा ती पट्टी जास्त खुपली.

लॉक बदलणं म्हणजे पोरखेळ, असं मात्र मी म्हणणार नाही. २४० व्होल्टचं काम आहे, ब्रेकर बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. सिंगल ओव्हनही साठ-सत्तर किलोंचा असतो. दोन माणसं आणि समोर त्याच उंचीचं भक्कम टेबल हवं. शिवाय ओव्हन धरून ठेवणारे स्क्रू बहुतेक वेळा दाराच्या आडच असतात, आणि दार तर लॉक! वरचं पॅनेल काढून कॅम हातानं फिरवता आला तर उत्तम. नाहीतर हँगरची तार सरळ करून वरच्या फटीतून आकडा सरकवायचा. वेळ खाऊ प्रकार आहे, पण पुढचं काम म्हणजे दोन-चार स्क्रू आणि काही वायरी. आमचा पार्ट नव्या ओव्हनच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही बसला.

त्यानंतर आम्ही सेल्फ-क्लीन लावलेलं नाही. भरताच्या वांग्यांखाली फॉइल आणि डागांवर खायच्या सोड्याची पेस्ट, एवढ्यावर भागतं. ओव्हन क्लीनरचा स्प्रे मात्र सेल्फ-क्लीनच्या इनॅमलवर नको.

किचन नव्यानं करणारच असाल, किंवा बोर्ड आणि लॉक दोन्ही गेले असून पार्ट मिळत नसतील, तर नवा घ्या, मीही घेईन. दोन्हीपैकी काहीही करा, मॉडेल नंबर लागतोच, आणि त्याची पट्टी सहसा दाराच्या आतल्या चौकटीवर असते. दार उघडतंय तोवर तिचा फोटो काढून ठेवा.